मोडलेल्या चेहऱ्यांचे शिल्पकार : सर हॅरॉल्ड गिलीज

दुचाकीच्या अपघातात गालाचे हाड आत दबते, तेव्हा इजा केवळ गालाला होत नाही. डोळ्याच्या खोबणीची बाहेरची कड आणि तळाचा काही भाग याच हाडाने बनलेला असतो. ते खचले की गाल सपाट दिसू लागतो, तोंड नीट उघडत नाही. खोबणीचा पातळ तळ फुटला, तर डोळा आत जातो आणि एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू लागतात. अशा अनेक रुग्णांच्या कानशिलावर, केसांच्या आत, शल्यविशारद इंचभर छेद घेतात. त्यातून एक चपटी तरफ हाडाखाली सरकवून ते हाड उचलतात आणि जागेवर बसवतात. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. १९२७ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आजही सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या नावाने ओळखली जाते. मोडलेला चेहरा पुन्हा उभा करण्याच्या शास्त्राला आधुनिक रूप देणाऱ्या या शल्यविशारदाचे आयुष्य त्या शास्त्राइतकेच विलक्षण होते.

गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. आठ भावंडांत ते धाकटे होते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. जिन्याच्या कठड्यावरून घसरताना त्यांचे उजवे कोपर मोडले आणि ते कायमचे काहीसे ताठर राहिले. तरीही ते उत्तम खेळाडू झाले. केंब्रिजमध्ये शिकत असताना १९०४ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकास्पर्धेत त्यांनी वल्हे हाती घेतले आणि पुढे गोल्फमध्येही नाव कमावले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद झाले. सुखवस्तू व्यवसायाचा मार्ग त्यांच्यासमोर मोकळा होता. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले.

या युद्धात सैनिक महिनोन्महिने खंदकांत राहत. शरीर मातीआड सुरक्षित असे. पण डोके वर काढताच गोळी किंवा तोफगोळ्याची कपची चेहऱ्याचा वेध घेई. जबडा, नाक, डोळ्याची खोबण उडालेले जवान जिवंत परतू लागले. १९१५ साली रेडक्रॉसतर्फे फ्रान्सला गेलेल्या गिलीज यांनी तेथे शार्ल व्हॅलाडिए या दंतवैद्याचे जबड्यांवरील काम पाहिले. पॅरिसमध्ये इपोलित मोरेस्तँ यांना चेहऱ्यावरील कर्करोगाची गाठ काढून शेजारच्या त्वचेने ती जागा झाकताना पाहिले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

इंग्लंडला परतल्यावर चेहऱ्याच्या जखमांसाठी स्वतंत्र विभाग हवा, असा आग्रह त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांकडे धरला. १९१६ च्या आरंभी ऑल्डरशॉट येथील केंब्रिज लष्करी रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. परंतु आघाडीवरचे जखमी नेमके आपल्याकडे कसे पोहोचणार, ही चिंता होतीच. गिलीज यांनी पदरचे दहा पौंड खर्चून पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या आणल्या आणि जखमींच्या अंगावर लावण्यासाठी त्या पाठविण्याची व्यवस्था केली. त्या चिठ्ठ्या लावलेले जवान खरोखरच येऊ लागले. त्याच वर्षी जुलैत सोमची लढाई सुरू झाली. रुग्णालयाने सुमारे दोनशे जखमींची तयारी ठेवली होती. आले सुमारे दोन हजार.

तोवरची रीत अशी होती, की जखमेच्या कडा ओढून शिवून टाकायच्या. जखम भरे, पण व्रण आकसत जाई, ओठ वाकडा होई, पापणी खाली ओढली जाई. गिलीज यांनी हा क्रमच उलटा केला. जे शाबूत आहे ते प्रथम त्याच्या मूळ जागी न्यायचे, तेथे स्थिर करायचे आणि मगच काय गमावले आहे याचा हिशेब मांडायचा. नंतर आतले अस्तर, त्यावर हाडाचा किंवा कूर्चेचा आधार आणि शेवटी वरची त्वचा, अशा थरांनी चेहरा उभारायचा. जबड्याची हाडे बसविण्यासाठी त्यांनी विल्यम केल्सी फ्राय या दंतवैद्यांना बरोबरीचे सहकारी केले. शल्यविशारद व चित्रकार असलेल्या हेन्री टॉन्क्स यांच्याकडून रुग्णांची खडूचित्रे काढून घेतली. ती चित्रे आजही त्या काळाचा दस्तऐवज म्हणून जपलेली आहेत.

१९१७ साली सिडकप येथे खास चेहऱ्याच्या जखमांसाठी क्वीन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे पाच हजारांहून अधिक जवानांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. वॉर्डांत आरसे ठेवण्यास मनाई होती. गावाच्या रस्त्यावरील काही बाके निळ्या रंगाने रंगविली होती. तेथे हे रुग्ण बसलेले असतील, याची समोरून येणाऱ्यांना आधीच कल्पना यावी म्हणून.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जटलंडच्या नाविक युद्धात होरपळलेल्या एका खलाशावर शस्त्रक्रिया करताना छातीवरून उचललेल्या त्वचेच्या पट्ट्यांच्या कडा आत वळत असल्याचे गिलीज यांना दिसले. त्यांनी त्या एकमेकींना शिवून टाकल्या आणि पट्टीची नळी झाली. रक्तपुरवठा टिकला, उघडा भाग झाकला गेला आणि प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात जंतुसंसर्गाचा धोका कमी झाला. ओडेसाचे नेत्रतज्ज्ञ व्लादिमिर फिलातोव्ह यांनी पापणीच्या दुरुस्तीसाठी हीच युक्ती वर्षभर आधी स्वतंत्रपणे योजली होती; मात्र गिलीज यांना त्याची माहिती नव्हती.

या कामात महाराष्ट्राचाही एक दुवा आहे. कपाळाची त्वचा वळवून नाक घडविण्याच्या ज्या पद्धतीचा गिलीज यांनी वारंवार उपयोग केला, ती इंग्लंडला कळली ती १७९३ साली पुणे परिसरात झालेल्या एका शस्त्रक्रियेच्या वृत्तांतामुळे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानावरील त्या शस्त्रक्रियेची हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली होती.

यशाबरोबर अपयशही होते. संपूर्ण चेहरा जळालेल्या एका तरुण वैमानिकाला छातीवरील त्वचा एकाच वेळी लावण्याचा प्रयत्न गिलीज यांनी केला. त्या अशक्त शरीराला ते झेपले नाही. जंतुसंसर्ग झाला, त्वचा कुजली आणि १९१८ साली तो दगावला. आपण घाई केली, हे शल्य गिलीज यांना कायम बोचत राहिले. जे उद्यावर टाकता येईल ते आज करू नये, हा त्यांच्या शस्त्रक्रियेचा नियम या मृत्यूतून आला. टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षे काम करण्याचा संयम त्यांनी पुढे शिष्यांनाही शिकविला.

युद्ध संपल्यावर नागरी जीवनातील अपघात त्यांच्यासमोर आले. टी. पी. किल्नर आणि डी. स्टोन यांच्यासह १९२७ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी गालाच्या हाडाचे अस्थिभंग आणि ते पाहण्यासाठी क्ष-किरण छायाचित्राची नवी मांडणी स्पष्ट केली. हाड जागेवर आले तर खोबणीची कड आपोआप सावरते आणि चेहऱ्यावर छेदही घ्यावा लागत नाही, हे त्यातून दिसले. १९३० साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी ब्रिटनमध्ये पूर्णवेळ प्लॅस्टिक सर्जन जेमतेम चार होते. त्यांपैकी गिलीज सर्वांत ज्येष्ठ. आर्चिबाल्ड मॅकइंडो हे त्यांचे नातलगही त्या चौघांतले. या युद्धात बेझिंगस्टोकजवळील रूक्सडाउन हाउस हे गिलीज यांचे कार्यक्षेत्र होते.

चाळिशीच्या दशकात जन्मतःच चेहऱ्याचा मधला भाग खचलेल्या एका रुग्णाची डोळ्यांच्या खोबणीभोवतालची हाडे कापून त्यांनी तो भाग पुढे आणला. परिणाम समाधानकारक नव्हता आणि त्यांनी तो प्रयोग पुन्हा केला नाही. पण फ्रान्सच्या पॉल तेसिए यांनी तोच धागा उचलून १९६७ साली रोममध्ये आपले निष्कर्ष मांडले. खोबणीच्या शस्त्रक्रियेचे आधुनिक पर्व तेथून सुरू झाले.

रंगचित्रे काढणारे, खोड्या करण्यात रमणारे गिलीज अखेरपर्यंत शस्त्रक्रियागृहात उभे राहिले. ३ ऑगस्ट १९६० रोजी एका तरुणीच्या पायावर शस्त्रक्रिया करताना त्यांना मेंदूतील रक्तवाहिनीच्या अडथळ्याचा झटका आला. १० सप्टेंबर रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज गालाचे हाड स्थिर ठेवण्यासाठी टायटॅनियमच्या पट्ट्या आहेत, खोबणीच्या तळासाठी जाळ्या आहेत, संगणकीय प्रतिमा आहेत. परंतु आधी हाड जागेवर, मग बाकीचे, हा क्रम बदललेला नाही. केसांत लपलेला तो इंचभर व्रण घेऊन घरी परतणाऱ्या रुग्णाला गिलीज यांचे नाव बहुधा ठाऊक नसते. आरशात त्याला आपलाच चेहरा दिसतो आणि तेवढ्यासाठीच तर गिलीज यांनी आयुष्य वेचले होते.