राज्य गेले, अन्नछत्रे राखली : तंजावरचे सरफोजीराजे भोसले

तंजावर : कावेरीच्या खोऱ्यात मराठी राज्य उभे राहिले ते 1676 मध्ये, छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या हातून. पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षे टिकलेल्या या राजवंशात अनेक विद्याप्रेमी राजे होऊन गेले. त्यांतील सरफोजीराजे (दुसरे) यांचे नाव आज सर्वाधिक आदराने घेतले जाते. त्यांच्या वाट्याला राज्य मात्र नावापुरतेच आले होते. सत्ता हातातून गेल्यावर राजाने काय राखावे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर ग्रंथालयात, औषधशाळेत आणि वाटसरूंच्या ताटात दिसते.

सरफोजींचा जन्म 24 सप्टेंबर 1777 रोजी भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. त्यांनी 1787 मध्ये या बालकाला दत्तक घेतले आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलाची काळजी ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यावर सोपवली होती. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधानावर आक्षेप घेऊन गादी मिळवली आणि सरफोजींचे बालपण राजवाड्यातच नजरकैदेसारखे गेले. शिक्षणाची आबाळ होत असल्याचे व जिवाला धोका असल्याचे श्वार्ट्झ यांनी वारंवार कंपनी सरकारच्या कानावर घातले. अखेर 1793 मध्ये सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले. तेथे विल्हेल्म गेरिके या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले आणि पाश्चात्त्य विद्यांची गोडी त्यांना कायमची लागली.

ईस्ट इंडिया कंपनीने सरफोजींचा हक्क मान्य केला आणि 29 जून 1798 रोजी ते तंजावरच्या गादीवर बसले. श्वार्ट्झ त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत निवर्तले होते. गुरूच्या स्मरणार्थ राजांनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्यांच्याजवळ उभे असलेले राजे असे ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आजही पाहता येते. गुरुभक्ती एवढी असूनही राजांनी आपला धर्म सोडला नाही आणि गुरूच्या पंथाचा दुस्वासही केला नाही.

गादीची किंमत मात्र मोठी होती. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने राज्याचा सारा कारभार कंपनीकडे गेला. तंजावरचा किल्ला व त्याच्या लगतचा थोडा भाग, दरसाल एक लाख स्टार पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राजांकडे राहिले. बाविशीतल्या या राजाकडे ना फौज उरली, ना मुलूख.

अशा वेळी त्यांनी ज्या गोष्टीसाठी आग्रह धरला, ती म्हणजे छत्रे. काशी-रामेश्वरची यात्रा करणारे लोक तंजावर प्रांतातून जात. त्यांच्यासाठी पूर्वीच्या राजांनी आणि राण्यांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे, म्हणजे धर्मशाळा व अन्नछत्रे, बांधून त्यांना जमिनी लावून दिल्या होत्या. मुलूख कंपनीकडे गेल्यावर या जमिनीही सरकारजमा होण्याची भीती निर्माण झाली. 1801 मध्ये राजांनी रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहून ही छत्रे आपल्याकडेच राहू देण्याची विनंती केली. छत्रात येणाऱ्या वाटसरूला जातपात न पाहता अन्न मिळते, शिजवलेले अन्न न चालणाऱ्यास शिधा दिला जातो, वाढप मध्यरात्रीपर्यंत चालते, तान्ह्या मुलांना दूध दिले जाते, आजाऱ्याला वैद्य व पथ्याचे अन्न मिळते, गरोदर स्त्रियांच्या बाळंतपणाची सोय होते, अनाथ मुलांना शिकवले जाते आणि वाटेत मृत्यू आलेल्याचे अंत्यसंस्कारही केले जातात, असा तपशील त्यांनी मांडला. महसुलाच्या आकड्यांत न बसणारा हा खर्च राज्याच्या प्रतिष्ठेचा आणि पुण्याचा भाग असल्याची त्यांची भूमिका होती. छत्रांचा कारभार त्यांच्याकडे राहिला. एवढेच नव्हे, तर 1802 मध्ये ओरत्तनाडू येथे त्यांनी नवे छत्र उभारले आणि त्याला आपली दिवंगत सहचारिणी मुक्तांबाळ हिचे नाव दिले.

अन्न आणि आरोग्य यांचा हा संबंध राजवाड्यातही जपला गेला. तंजावरच्या मराठी दरबारात आहारशास्त्राची परंपरा जुनीच होती. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय लाभलेल्या रघुनाथ पंडितांचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ अन्नपदार्थांच्या गुणदोषांची चर्चा करतो. सरफोजींच्या काळात मुदपाकखान्यातील पाककृती ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने मराठीत नोंदवल्या गेल्या. शाकाहारी व मांसाहारी पदार्थांबरोबर इंग्रजी पद्धतीच्या पदार्थांचीही दखल त्यात आहे. ‘धन्वंतरी महाल’ या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींची औषधे तयार होत. माणसांबरोबर जनावरांवरही तेथे उपचार होत. पारखून घेतलेले उपाय तमिळ पद्यात बांधून ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ ही ग्रंथमाला सिद्ध झाली. नेत्ररुग्णांच्या नोंदी व त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही जतन करण्यात आली. रुग्णाची अवस्था, उपचार आणि परिणाम लिहून ठेवण्याची ही शिस्त त्या काळात दुर्मिळ होती.

‘शरभेंद्र’ हे सरफोजी नावाचेच संस्कृत रूप. पाकशास्त्राला, वैद्यकाला, तमिळ कुरवंजी नाटकाला आणि समुद्रकाठच्या गावालाही ते नाव मिळाले. येथे तंजावरच्या एका प्रसिद्ध नामकथेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. छत्रपती संभाजी महाराज तंजावरला आले असता शाहजीराजांच्या स्वयंपाकघरात कोकम संपले, म्हणून आमटीत चिंच घातली गेली आणि पाहुण्याच्या नावावरून त्या पदार्थाला सांबार म्हटले गेले, अशी आख्यायिका घरोघर सांगितली जाते. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. मसाल्याच्या सामग्रीला ‘संभार’ म्हणण्याची पद्धत जुनी आहे आणि विदर्भात कोथिंबिरीला आजही सांबार म्हणतात. कारखान्यात तयार होणाऱ्या पदार्थांचे नामकरण सहज शोधता येते. बोर्नव्हिटा या माल्टयुक्त चॉकलेट पेयाचे नाव इंग्लंडमधील बोर्नव्हिल या कॅडबरीच्या कारखान्याच्या गावावरून आले, हे निश्चित सांगता येते. घराघरांत घडलेल्या पदार्थाचे तसे नसते. म्हणूनच सरफोजींनी पाककृती लिहवून घेतल्या, याचे मोल अधिक आहे.

लिहून ठेवण्याचा हा ध्यास सर्वत्र दिसतो. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. हा प्रदीर्घ शिलालेख तमिळ भूमीत मराठी भाषेचा सर्वात ठळक ठसा मानला जातो. ‘नवविद्याकलानिधी’ या नावाने शाळा व देवनागरी खिळ्यांचे छापखाने त्यांनी उभारले. इसापच्या कथांचे मराठी रूपांतर असलेली ‘बालबोधमुक्तावली’ 1806 मध्ये येथेच छापली गेली. महाराष्ट्रात मराठी मुद्रणाने अद्याप मूळ धरले नव्हते, त्या काळातील ही घटना आहे.

नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या राजग्रंथालयाला सरफोजींनी खरे वैभव दिले. 1820 ते 1822 या काळात त्यांनी मोठ्या परिवारासह काशीयात्रा केली. यात्रेचे पुण्य पदरी पाडून घेतानाच त्यांनी ठिकठिकाणचे पंडित गाठले, पोथ्या विकत घेतल्या, मिळू न शकणाऱ्यांच्या नकला करवून घेतल्या. युरोपातून मागवलेल्या हजारो छापील ग्रंथांपैकी अनेकांवर त्यांची इंग्रजी स्वाक्षरी आढळते. आज सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांबरोबर तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत.

कलांच्या बाबतीतही त्यांचा दरबार समृद्ध होता. भरतनाट्यमच्या सादरीकरणाला आजचा क्रम देणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू त्यांच्या दरबाराशी संबंधित होते. जगाचा भूगोल सांगणारी ‘देवेंद्र कुरवंजी’ ही मराठी रचना खुद्द राजांची. दुसरीकडे, नेपोलियनवरील ब्रिटिशांच्या विजयाच्या स्मरणार्थ त्यांनी समुद्रकाठी ‘मनोरा’ ही बहुमजली वास्तू बांधली. ज्या कंपनीने मुलूख घेतला, तिच्याच विजयाचे स्मारक उभारण्याची वेळ राजावर यावी, यातून त्यांच्या स्थितीची मर्यादा स्पष्ट होते.

7 मार्च 1832 रोजी सरफोजीराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी यांना पुत्रसंतान नव्हते. 1855 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर कंपनीने उरलेसुरले राज्यही खालसा केले आणि तंजावरची मराठी गादी संपली. पोथ्या मात्र राहिल्या. 1918 मध्ये ग्रंथालय सर्वसामान्यांसाठी खुले झाले. ‘शरभेंद्र’ नावाचे पाकशास्त्र आणि वैद्यकग्रंथ छापून प्रसिद्ध झाले. ओरत्तनाडूच्या छत्राची वास्तू पुढे विद्यार्थ्यांच्या निवासासाठी उपयोगात आली. तहात गमावलेल्या मुलखाच्या सीमा आज अभ्यासकांनाही नकाशावर शोधाव्या लागतात. राजांनी आग्रहाने मागून घेतलेल्या छत्रांच्या भिंती मात्र रामेश्वरच्या जुन्या वाटेवर अजून उभ्या आहेत.