विश्लेषण : जेऊरचे ग्रहण आणि सूर्य न्याहाळणारे कावसजी नायगमवाला कोण होते?

सूर्याभोवतीचे प्रभामंडल, म्हणजे 'कोरोना', पाहण्यासाठी भारताच्या 'आदित्य एल-१' यानावर 'व्हीईएलसी' हे उपकरण बसवले आहे. सूर्याची तळपती तबकडी झाकून ते कृत्रिम ग्रहण घडवते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र खऱ्या खग्रास ग्रहणाचीच वाट पाहावी लागे. तसे एक ग्रहण अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेलगत टिपले गेले. टिपणारे होते पुण्यातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८).

वेधशाळा कशी उभी राहिली?

मुंबई विद्यापीठातून भौतिक-रसायनशास्त्रात एम.ए. झालेले नायगमवाला १८८२ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी महाविद्यालय पाहायला आले आणि त्यांनी पाच हजार रुपये देऊ केले. तेवढीच भर सरकारने घातली. नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले, जाणकारांशी बोलले आणि वर्णपटशास्त्रासाठी वेधशाळा उभारण्याचा निश्चय करून परतले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात (आजचे 'सीओईपी') १८८८ मध्ये ती उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण ही तेव्हा देशातील सर्वांत मोठी. अशा यंत्रासाठी इंग्रज अधिकारी नेमण्याच्या त्या काळात तिचा कारभार एका भारतीयाकडे होता, हे विशेष.

मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटाचे त्यांचे १८९१ मधील निरीक्षण नॉर्मन लॉकियर या दिग्गजाच्या मताविरुद्ध गेले. तरीही त्यांनी ते प्रसिद्ध केले.

जेऊरला काय घडले?

नगर तालुक्यातील जेऊर बायजाबाईशी गल्लत नको. हे जेऊर कर्जतच्या पलीकडचे, करमाळा तालुक्यातील, रेल्वे स्थानकाचे. २२ जानेवारी १८९८ रोजी चंद्राची सावली तिथून जाणार होती. मुंबई-पुण्यात प्लेगची दहशत असतानाच्या त्या दिवसांत या माळावर दुर्बिणी उभ्या राहिल्या. नायगमवाला यांच्याबरोबरच अमेरिकेतील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. एवढी लांबी कशासाठी? कॅमेरा जितका लांब, तितकी सूर्याची प्रतिमा मोठी. या कॅमेऱ्यात ती चार इंचांहून मोठी पडे आणि कोरोनातील बारीक रेषाही वेगळ्या उमटत. खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्यात काचा बदलायच्या, झाकणे उघडायची-मिटायची. ढग आला असता तर महिन्यांची तयारी वाया! पण आकाश निरभ्र राहिले. नायगमवाला यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

चुंबकत्वाचा संबंध काय?

चुंबकाभोवती लोखंडाचा कीस जसा रेषांत मांडला जातो, तसेच कोरोनाचे तुरे दिसतात. तिथला तप्त, विद्युतभारित वायू चुंबकीय रेषांनुसार पसरतो, हे आता आपण जाणतो. तेव्हा या साम्याने काहींच्या मनात शंका आली होती, पुरावा नव्हता. तो मिळवण्याची किल्ली हॉलंडमध्ये १८९६ मध्येच सापडली होती: चुंबकीय क्षेत्रात वर्णपटाची रेषा फुटते, असे पीटर झीमन यांनी दाखवले होते. जॉर्ज हेल यांनी ही किल्ली सौर डागांना लावली ती १९०८ मध्ये. डागांतले क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट निघाले.

वेधशाळेचे पुढे काय झाले?

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. संस्थेचा सगळा डोलारा एका माणसावर उभा होता, हा तिचा कच्चा दुवा. दुर्बीण आणि इतर साहित्य तमिळनाडूतील कोडाईकनालला गेले. तिथले संचालक जॉन एव्हरशेड हे १८९८ च्या त्याच ग्रहणासाठी वऱ्हाडातील तळणीला आले होते. सौर डागाच्या कडेने वायू बाहेरच्या दिशेने वाहतो, हे त्यांनी १९०९ मध्ये कोडाईकनालला शोधले. त्या प्रवाहाला आजही त्यांचेच नाव आहे. पुण्याहून गेलेली दुर्बीण 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाऊ लागली.

आज कोडाईकनालची वेधशाळा भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आहे. 'आदित्य'वरील 'व्हीईएलसी' याच संस्थेने बनवले असून कोरोनाचे चुंबकीय क्षेत्र मोजण्याची सोयही त्यात आहे. सूर्य अतिनील किरणांत टिपणारी यानावरील 'सूट' दुर्बीण पुण्याच्या आयुकात साकारली.