गतीचे नियम आणि न्यूटनचे मौन

सफरचंद पडले आणि न्यूटनला गुरुत्वाकर्षणाचा शोध लागला, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बागेतील सफरचंदामुळे विचारचक्र सुरू झाल्याचे खुद्द न्यूटननेच उतारवयात स्नेह्यांना सांगितले होते. मात्र त्या बागेपासून ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथापर्यंत पोहोचायला त्याला सुमारे वीस वर्षे लागली. ही वर्षे कशात गेली हे पाहिले, की गतीचे नियम आणि गुरुत्वाकर्षण यांचे नातेही उलगडते.

आयझॅक न्यूटनचा जन्म तत्कालीन इंग्रजी कालगणनेनुसार २५ डिसेंबर १६४२ रोजी लिंकनशायरमधील वूल्सथॉर्प येथे झाला. वडील त्यापूर्वीच निवर्तले होते. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरा विवाह केला आणि त्याच्या संगोपनाची जबाबदारी आजीवर आली. एकान्तप्रियता आणि टीकेचे वावडे हे त्याचे स्वभावविशेष आयुष्यभर टिकले. १६६१ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. १६६५ मध्ये प्लेगच्या साथीमुळे विद्यापीठ बंद पडले आणि तो गावी परतला.

याच काळात त्याने चंद्राचा विचार सुरू केला. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट अंतरावर आहे. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असेल, तर तेथे ते ३६०० पटींनी क्षीण असायला हवे. दगड एका सेकंदात जेवढा, म्हणजे सुमारे ४.९ मीटर खाली येतो, तेवढाच चंद्र एका मिनिटात आपला सरळ मार्ग सोडून पृथ्वीकडे झुकायला हवा. न्यूटनला हे उत्तर बरेचसे जुळताना दिसले. मात्र वर्तुळात फिरणारी वस्तू केंद्रापासून दूर जाऊ पाहते, या जुन्याच कल्पनेत तो त्या वेळी अडकलेला होता. आकडे हाती होते. गतीचा सिद्धान्त नव्हता.

१६७९ मध्ये रॉबर्ट हूकने पत्रातून एक वेगळी दिशा सुचवली. ग्रहाची मूळ गती सरळ रेषेत असते आणि मध्यवर्ती आकर्षण तिला सतत वळवते, अशी ती कल्पना होती. तिची गणिती सिद्धता हूकला साधली नाही. न्यूटनने ती साधली आणि कोणाला न सांगता बाजूला ठेवून दिली.

हे मौन एडमंड हॅलेने मोडले. ऑगस्ट १६८४ मध्ये त्याने केंब्रिजला येऊन विचारले, की वर्गाच्या व्यस्त प्रमाणातील आकर्षणाखाली ग्रहाची कक्षा कशी असेल? लंबवर्तुळाकार, असे उत्तर न्यूटनने तत्काळ दिले. पण गणिताचा कागद काही सापडेना. त्याने ते पुन्हा मांडायला घेतले आणि त्यातूनच १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला.

ग्रंथाच्या आरंभी गतीचे तीन नियम येतात. गुरुत्वाकर्षण येते ते तिसऱ्या खंडात. हा क्रम महत्त्वाचा आहे. बाह्य बल नसेल तर वस्तू स्थिर राहते किंवा सरळ रेषेत एकसमान वेगाने जाते, हा पहिला नियम. चंद्र वळतो, त्या अर्थी त्याच्यावर बल आहेच. ते किती, हे दुसऱ्या नियमावरून कळते. तिसऱ्यानुसार आकर्षण परस्पर असते. चंद्रही पृथ्वीला तेवढ्याच बलाने ओढतो. वस्तुमान दुप्पट झाले तर गुरुत्वबल दुप्पट होते, पण गतिबदलाला होणारा विरोधही दुप्पट होतो. म्हणून हवेचा अडथळा नसेल तर जड आणि हलकी वस्तू सारख्याच त्वरणाने पडते. न्यूटनने सोने, चांदी, लाकूड, मीठ आणि गहू यांसारखे पदार्थ लंबकात भरून हे पडताळून पाहिले.

ग्रंथ सिद्ध होत असतानाच हूकने श्रेयाची मागणी केली. संतापलेल्या न्यूटनने तिसरा खंडच रोखून धरण्याची भाषा केली. गुरुत्वाकर्षणाचा भाग नेमका त्यातच होता. हॅलेने त्याची समजूत घातली. माशांवरील एका ग्रंथाच्या छपाईने रॉयल सोसायटीची तिजोरी रिकामी झाली होती, म्हणून छपाईचा खर्चही हॅलेनेच सोसला. हूकचे ऋण मात्र न्यूटनने कधी मोकळेपणाने मान्य केले नाही. १६०३ नव्हे, तर हूकच्या निधनाच्याच वर्षी, १७०३ मध्ये, तो सोसायटीचा अध्यक्ष झाला.

मार्च १७२७ मध्ये न्यूटनचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन करण्यात आले. याच नियमांच्या आधारे हॅलेने एका धूमकेतूच्या पुनरागमनाचे भाकीत केले होते. १७५८ च्या नाताळात तो धूमकेतू पुन्हा दिसला. तो पाहायला न्यूटन नव्हता आणि १७४२ मध्ये निवर्तलेला हॅलेही नव्हता. नियम मात्र खरे ठरले होते.