कीचकाचा चेहरा : नाटककार खाडिलकर

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८७२ रोजी सांगली येथे झाला. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये मराठी रंगभूमीचा पाया घातला, तो याच गावी. पदवी संपादन केल्यावर काही काळ अध्यापन करून खाडिलकर टिळकांच्या 'केसरी'त गेले. त्यांच्या नाट्यलेखनातील पत्रकार पुढे कधीच लोपला नाही.

'कीचकवध' १९०७ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. लॉर्ड कर्झन १९०५ मध्येच परतले होते. वंगभंगाची जखम मात्र ओली होती. नाटकाचे कथानक विराटपर्वातील. कर्झन यांचे नाव त्यात कोठेही नाही. तथापि मदांध कीचकात प्रेक्षकांनी कर्झन ओळखले, सैरंध्रीत हिंदभूमी, सबुरी सांगणाऱ्या कंकभटात मवाळ आणि बल्लवात जहाल. ही रीत व्यंगचित्राचीच होय : मोजक्या रेषा ठळक करावयाच्या, उरलेला चेहरा पाहणाऱ्याने पुरा करावयाचा. (आजच्या विद्यार्थ्याला हा चेहरा तळटीपेवाचून दिसत नाही, हेही व्यंगचित्रासारखेच.)

येथे एक विसंगती लक्षात घेणे अगत्याचे आहे. मुंबईचे 'हिंदी पंच' त्या काळात कर्झन यांची व्यंगचित्रे उघडपणे छापीत असे, आणि ते पत्र पुढेही चालू राहिले. नाव घेणारे चित्र सरकारने सोसले. नाव न घेणारे नाटक सोसले नाही. याचे कारण, प्रस्तुत लेखकाच्या मते, नाटकाच्या शेवटात आहे. व्यंगचित्र हसवून थांबते. येथे कीचकाचा वध होतो, आणि तोही एकट्या वाचकापुढे नव्हे, भरलेल्या प्रेक्षागृहापुढे. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची हत्या झाली, ती नाट्यगृहातच. पुढच्याच महिन्यात 'कीचकवधा'च्या प्रयोगांवर बंदी आली. बंदी घालताना सरकारला कीचकाचे कर्झन यांच्याशी असलेले साम्य मान्य करावे लागले. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी तर १९१० च्या आपल्या ग्रंथात ते सविस्तर उलगडूनच दाखविले.

त्यानंतर खाडिलकर संगीत नाटकाकडे वळले. 'मानापमान' १९११ मध्ये आले, 'स्वयंवर' १९१६ मध्ये. या वळणाला माघार म्हणण्याचा मोह समीक्षकांनी आवरावा. १९२३ मध्ये त्यांनी 'नवाकाळ' काढला, आणि १९२९ मध्ये त्यातील लेखनाबद्दल त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली कारावास झाला. २६ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांचे निधन झाले.