वैद्य जीवक आणि वनौषधींचा विवेक

राजगृहाच्या उकिरड्यावर टोपलीत टाकून दिलेल्या एका तान्ह्या मुलाभोवती कावळे जमले होते. तेथून जाणाऱ्या अभय राजकुमाराने मूल जिवंत आहे का, याची चौकशी केली. ते जिवंत होते, म्हणून त्याचे नाव जीवक ठेवले गेले. माता सालवती ही नगरातील गणिका होती. विनयपिटकाच्या महावग्गात हा वृत्तान्त आडपडदा न ठेवता आला आहे. इतर परंपरांनी जीवकाला राजघराण्याचे रक्त बहाल केले. मला मात्र उकिरड्यावरचा हा जीवकच अधिक मोलाचा वाटतो.

अंगी विद्या नसेल तर राजवाड्यात निभाव लागणार नाही, हे ओळखून तो कोणासही न सांगता तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला. अखेरीस आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि तक्षशिलेभोवती योजनभर फिरून औषधी नसलेली वनस्पती आणण्यास सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि उत्तीर्ण झाला.

ही कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते, पण बहुधा अर्धीच. प्रत्येक झाड औषध आहे, म्हणून कोणीही काहीही उगाळून घ्यावे, असा तिचा अर्थ लावला जातो. सुट्टीनंतर वसतिगृहात येणाऱ्या मुलांच्या पेटीत निनावी चूर्णांच्या पुड्या सापडतात. झाडपाल्याचे आहे, त्याने काय अपाय होणार, असे पालक सांगतात. बचनागाचे मूळही झाडपाल्याचेच, आणि शोधनावाचून घेतले तर ते प्राण घेते. करोनाच्या साथीत गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला. रुग्णांनी घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती का, हाही वादाचा मुद्दा ठरला. आचार्यांच्या परीक्षेत नेमकी हीच ओळख पणाला लागली होती.

परतताना साकेत येथे एका श्रेष्ठीच्या पत्नीची सात वर्षांची डोकेदुखी त्याने बरी केली. ओंजळभर तुपात औषधे शिजवून ते तूप नाकावाटे दिले. गुण आल्याखेरीज मोबदला घेणार नाही, हे त्याने आधीच सांगितले होते.

उज्जैनीचा राजा प्रद्योत याला कावीळ झाली होती आणि तुपाचा तिटकारा होता. जीवकाने तुपाला काढ्याचा रंग, वास व चव येईल असे ते सिद्ध करून दिले. पचताना ते मळमळ आणणार आणि संतापी राजा जिवावर उठणार, हे तो जाणून होता; म्हणून औषधी उपटायला केव्हाही जावे लागते या सबबीवर त्याने नगराबाहेर पडण्याची परवानगी आधीच मिळवली होती. पाठलागावर आलेल्या काक नावाच्या दासाला कौशाम्बीत अर्धा आवळा दिला. त्यात नखावर मावेल एवढेच औषध होते, पण काकाला जुलाब होऊन तो तेथेच अडकला. राजा बरा झाला आणि त्याने जीवकाला मौल्यवान वस्त्र पाठवले. रुग्णाला न सांगता औषध देणे आजच्या वैद्यकनीतीत बसत नाही, आणि मलाही ते खटकते. मात्र आपले औषध शरीरात काय करील, याचा पूर्ण अंदाज त्याला होता, एवढे खरे.

पुढे तथागतांची प्रकृती बिघडली आणि त्यांना विरेचनाची गरज भासली. उग्र रेचक जीवकाला उचित वाटले नाही. त्याने प्रथम काही दिवस स्नेहन करविले. मग औषधांनी भावित केलेली मूठमूठभर निळी कमळे तीन वेळा केवळ हुंगण्यास दिली. प्रत्येक वेळी दहा, असे एकूण तीस वेग त्याने योजले होते. निरोप घेऊन तो बाहेर पडला आणि दारातच त्याच्या ध्यानात आले, की एकोणतीस वेगांनंतर ऊन पाण्याने स्नान झाले पाहिजे, तरच तिसावा येईल. आणि हे सांगायचे राहून गेले होते. तथागतांनी त्याचा विचार जाणला व आनंदांना पाणी तापवण्यास सांगितले.