फ्रेडरिक मॅके

फ्रेडरिक समनर मॅके (१८७४–१९५९) हे अमेरिकन दंतवैद्य होते. मुलांच्या दातांना कीड लागू नये म्हणून फ्लोराइडचा जो उपयोग केला जातो, त्याचे मूळ त्यांच्या संशोधनात आहे.

१९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे व्यवसाय सुरू केल्यावर तेथेच जन्मलेल्या असंख्य लोकांच्या दातांवर त्यांना तपकिरी डाग आढळले. इतर दंतवैद्यांना त्याचे फारसे कुतूहल नव्हते. डागाळलेले दात सहसा किडत नसत. वस्तुतः हीच बाब अधिक मोलाची होती. तथापि मॅके यांचा मुख्य शोध दीर्घकाळ डागांच्या कारणाचाच राहिला.

१९२३ मध्ये आयडाहोतील ओकली गावच्या पालकांनी, नवी नळयोजना झाल्यापासून मुलांच्या दातांवर डाग पडू लागल्याचे त्यांना सांगितले. मॅके यांच्या सल्ल्यावरून गावाने दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेतले आणि काही वर्षांत धाकट्या मुलांचे कायमचे दात स्वच्छ आले. दोष पाण्यात होता. पण पाण्यातील कोणत्या घटकात, हे १९३१ मध्ये रसायनतज्ज्ञ चर्चिल यांना अतिरिक्त फ्लोराइड आढळल्यावरच उलगडले.

पुढे ट्रेंडली डीन यांनी योग्य प्रमाण ठरविले : दहा लक्ष भाग पाण्यात सुमारे १ भाग. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्सच्या नळपाण्यात फ्लोराइड मिसळण्यात आले. त्यानंतर जन्मलेल्या मुलांमधील दंतक्षय ११ वर्षांच्या पाहणीत ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले, तेव्हा मॅके हयात होते.