ग्रॅहॅम बेल यांच्या टेलिफोनला पैसा पुरवला तो ऐकू न येणाऱ्या दोन लेकरांच्या बापांनी

परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड घ्या नाहीतर जिंतूर. तीन-चार वर्षांचं लेकरू बोलत नसलं की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, याचा बापही उशिराच बोलला होता, थांबा जरा. मग कधीतरी कानांची तपासणी होते, स्पीच थेरपी सुरू होते. समोर आरसा, लेकराचा हात थेरपिस्टच्या गळ्यावर आणि बाजूला श्वास रोखून बसलेली आई. पहिला शब्द निघाला की पुण्याला कामाला असलेल्या बापाला लगेच फोन जातो.

तो फोन ज्याने शोधला, तो माणूस पोटापाण्यासाठी हेच काम करायचा.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबराचा. आईला नीट ऐकू यायचं नाही. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. कोणता आवाज काढताना जीभ, ओठ आणि घसा कुठे असतो, हे चिन्हांनी दाखवणारी एक लिपीच त्यांनी तयार केली होती. दोन भाऊ क्षयाने गेले आणि १८७० मध्ये उरलेलं कुटुंब कॅनडाला आलं. पुढच्याच वर्षी बेल अमेरिकेत बॉस्टनला कर्णबधिरांच्या शाळेत वडिलांची पद्धत शिकवायला गेले.

तिथे त्यांना जॉर्ज सँडर्स भेटला. वय पाच, जन्मापासून बहिरा. त्याचे वडील थॉमस सँडर्स चामड्याचे व्यापारी. जॉर्जला शिकवायचं आणि त्या बदल्यात त्याच्या आजीच्या घरी राहायचं-जेवायचं, असं ठरलं. बेल यांनी पोराला एकदम बोलायला लावलं नाही. खेळण्यांची नावं कार्डांवर लिहिली. बाहुली हवी असेल तर बाहुलीचं कार्ड शोधून आणायचं. एका हातमोज्यावर अक्षरं लिहिली, त्या अक्षरांना बोट लावून पोराशी गप्पा मारता यायच्या. शब्द आधी हाताला आणि डोळ्यांना कळले. घरच्यांसाठी तेवढंही खूप होतं, कारण आता पोराला काय हवंय ते कळत होतं.

दुसरे बाप गार्डिनर हबर्ड, नामांकित वकील. त्यांच्या मेबलला पाचव्या वर्षी स्कार्लेट फीव्हर झाला आणि ऐकू येणं कायमचं गेलं. येत असलेलं बोलणंही जाईल, असं त्यांना सांगण्यात आलं. आई-बापांनी ते मानलं नाही. घरात सगळ्यांनी तिच्याशी तोंडाने बोलायचं, तिने ओठ वाचायचे आणि तोंडानेच उत्तर द्यायचं. १८६७ मध्ये नऊ वर्षांच्या मेबलने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळ समितीसमोर प्रश्नांची उत्तरं दिली. त्याच वर्षी तोंडी भाषा शिकवणारी क्लार्क शाळा उभी राहिली. हबर्ड तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे १८७३ मध्ये मेबल बेल यांच्याकडे उच्चार सुधारायला येऊ लागली.

रात्री बेल तारांचे प्रयोग करायचे. १८७५ मध्ये सँडर्स आणि हबर्ड यांनी त्यांना पैसा पुरवायचा करार केला. दोघेही मुरलेले व्यवहारी होते, नफा त्यांनाही हवा होता. पण या मास्तरला त्यांनी आधी आपल्या पोरांसोबत बसलेलं पाहिलं होतं. पेटंटचा अर्ज तर हबर्ड यांनीच पुढाकार घेऊन दाखल करायला लावला. ७ मार्च १८७६ ला पेटंट मिळालं, तीनच दिवसांनी तारेवरून माणसाचं बोलणं ऐकू आलं. सँडर्स यांचे एक लाख डॉलरहून जास्त पैसे यात गेले.

११ जुलै १८७७ ला बेल आणि मेबल यांचं लग्न झालं. दहा शेअर स्वतःकडे ठेवून कंपनीतले बाकी सगळे बेल यांनी तिच्या नावावर केले. ती मात्र फोनवर कधीच ऐकू शकणार नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मेबलला जमलं ते सगळ्यांना जमेल, असं बेल यांनी धरून चालले. पण मेबल पाच वर्षं ऐकलेली होती, जॉर्ज नाही. बेल यांनी शाळांमधल्या खुणांच्या भाषेला विरोध केला आणि बहिऱ्यांनी आपसात लग्नं करण्यालाही. शाळांमध्ये हातवारे बंद करण्याचा आग्रह वाढला, आणि तोंडाने बोलणं न जमलेली मुलं भाषेविनाच राहिली. कर्णबधिर समाजाचा त्यांच्यावरचा राग आजही आहे. स्वतः बेल यांनी जॉर्जला शिकवताना वापरली होती ती कार्डं आणि तो हातमोजाच.

तरीही मुलांना घेऊन आई-बाप त्यांच्याकडे येत राहिले. १८८६ मध्ये सहा वर्षांच्या हेलन केलरला तिचे वडील घेऊन आले होते. बेल यांनी दाखवलेल्या वाटेनेच पुढे ॲन सुलिव्हन या शिक्षिका तिच्या घरी पोहोचल्या.

२ ऑगस्ट १९२२ ला बेल गेले. दोन दिवसांनी दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. पाच महिन्यांनी, ३ जानेवारी १९२३ ला, मेबलही गेली.